नवसाला बोललेले ठोकळे

"पोरगा केवढा हाये?" अमरावतीच्या दुकानदारानं विचारलं.

"सव्वीस वर्षांचा," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं हसू आवरलं. "नाई बाई, म्हटलं, हे लहान पोट्ट्यायचं खेळणं हाये. लाकडी ठोकळे. घर बांधाचे."

"दिसतंय मला. बांधा कागदात. आणि वरचं झाकण नीट बसतंय का ते आधी दाखवा."

सव्वीस वर्षांची मीच होते. अकोल्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, माहेरी अमरावतीला आले होते, आणि ती पेटी मी स्वतःसाठी घेत होते. पण हे सांगायची सोय नव्हती. बाईमाणसानं साडी घ्यावी, भांडं घ्यावं, फार तर वाचायला पुस्तक घ्यावं. ठोकळे घेतले म्हणजे घरात लेकरू असलं पाहिजे, नाहीतर डोक्यात काहीतरी गडबड असली पाहिजे. माझ्या घरात लेकरू नव्हतं. डोकं मात्र ठिकाणावर होतं, कोणी काही म्हणो.

लहानपणी मामानं माझ्या थोरल्या भावाला अशी पेटी आणली होती आणि मला भातुकली. खरी चूल मी दोन्ही वेळा फुंकत होतेच, वर खेळातही चूलच! भाऊ शाळेत गेला की मी त्याची पेटी काढायची आणि तो यायच्या आत परत जशीच्या तशी लावून ठेवायची. लावण्यातही गंमत होती. खांब खाली, त्रिकोणी छपरं कडेला, कमानी मधोमध. एक ठोकळा आडवा गेला की झाकण बसत नसे. भावाला ते कधीच जमलं नाही. त्यानं दोन पावसाळ्यांत अर्धे ठोकळे हरवले, आणि मी तेव्हाच मनाशी ठरवलं की आपली पेटी घ्यायची, आपल्या पैशानं घ्यायची आणि तिला कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

तर ती पेटी एस.टी.त मांडीवर घेऊन मी अकोल्याला आले. आमचे हे कापसाच्या जिनिंगच्या हापिसात होते. बोलणं बेताचं. पेटी पाहून म्हणाले, "हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं," म्हणाले आणि पेपर उचलला. त्या एका "बरं" साठी मी त्यांची पुढची शंभर कामं कुरकुर न करता केली असतील. रविवारी दुपारी मी जमिनीवर मांडामांड करायची आणि हे खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. जागा कमी पडली की मी म्हणायची, "पाय," आणि ते पाय वर घ्यायचे.

पुढे एकाच्या तीन पेट्या झाल्या. दुसरी ह्यांच्या ओळखीच्या माणसानं मुंबईहून आणली. तिच्यात लाल रबरी विटा होत्या, एकीची बोंडं दुसरीच्या भोकात घट्ट बसायची. बोटांना त्यांचा वास रात्रीपर्यंत राहायचा आणि मला तो आवडायचा. तिसरी एका बदली झालेल्या साहेबाच्या घरच्या सामानात जुनी मिळाली, जड, दगडासारख्या ठोकळ्यांची. पेटीसोबत चित्रांचा कागद यायचा, विलायती घरं, टोकदार छपरं. मी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला आमच्या अमरावतीच्या परकोटाचा दरवाजा बांधायचा होता, ज्याच्याखालून मी लहानपणी शाळेत जात असे.

कमान सोपी नाही. दोन्ही बाजूंनी ठोकळे झुकवत आणायचे, खाली आगपेट्यांचा टेकू द्यायचा, शेवटी वरचा मधला ठोकळा दाबून बसवायचा आणि मग एकेक आगपेटी काढायची. माझी कमान पडली. परत पडली. पुढच्या रविवारीही पडली. मी डोक्यात राख घालून घेतली, पोळ्या जाळल्या, ह्यांच्यावर उगाच खेकसले, आणि परत बसले. पडतेस काय! तू लाकडाची, मी हाडामांसाची, बघू कोण थकतं. ज्या दिवशी शेवटची आगपेटी निघाली आणि कमान जागची हलली नाही, त्या दिवशी मी खरोखर टाळ्या वाजवल्या. शेजारच्या वहिनी धावत आल्या.

"काय झालं वो? काही विशेष?" त्यांची नजर माझ्या पोटाकडे.

"हो ना. कमान उभी राहिली."

वहिनींनी ठोकळे पाहिले, मला पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. खेळणी घरात आली म्हणजे दिवस गेलेत आणि ही लपवते आहे! संध्याकाळपर्यंत चिंचेचा वाटा घरी आला. दुसऱ्या दिवशी कैरीचं लोणचं. मी खरं ते सांगितलं, तरी त्या डोळे मिचकावत म्हणायच्या, "राहू दे, तीन महिने सांगू नाई म्हणतात." मग ते महिने गेले, पोट होतं तिथंच होतं, आणि वहिनींच्या बोलण्यात कीव आली. लोणच्याचं मी हसण्यावारी नेलं होतं. ती कीव मला सोसवत नव्हती.

मला मूल नको होतं असं नाही. हवं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दवाखाने झाले होते, रडणंही झालं होतं. पण ते एक दुःख होतं आणि ठोकळे हा वेगळा आनंद होता. हे दोन्ही माझ्या घरात शेजारी शेजारी राहत होते. लोकांना मात्र सांधा जुळवल्याशिवाय चैन पडत नसे.

त्या वर्षी गावच्या घराचं छप्पर उतरवलं होतं, म्हणून महालक्ष्म्या आमच्याकडे अकोल्याला बसवायचं ठरलं. सासरे संत्र्याची बाग राखायला शेंदूरजनाघाटलाच राहिले आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुखवट्यांची पेटी उराशी घेऊन बसनं आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, दंडात चांदीच्या जाड येळा, बोलणं थेट. मला त्या आवडत असत. भीतीही वाटे.

फळीवरच्या तीन पेट्या त्यांना पहिल्याच दिवशी दिसल्या.

"हे काय व्हय?"

"ठोकळे. खेळायचे."

"कोन खेळते?"

"मी."

त्यांनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, आणि खाली बसल्या. "अवं माय! सूनबाई, रिकामा पाळना हालवत नाई कोनी. लेकराच्या आधी खेळनं घरात आनलं, म्हनून थे येऊन नाई राह्यलं. तुले कोनी सांगितलं नाई काहो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, धसका होता. मी काही बोलण्याआधी त्या उठल्या. मुखवटे उभे झाले, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पुढ्यात त्यांची दोन बाळं बसली, आणि आत्याबाईंनी पदर पसरून मोठ्यानं म्हटलं, "माय, ह्या घरातलं खेळनं बोळवनीच्या दिवशी पाच लेकरायले वाटून टाकतो. लेकराची वाट मोकळी कर."

झालं! देवीसमोर बोलून मोकळ्या. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या जाणार, आणि त्यांच्यामागे माझ्या पेट्या. बोललेलं फिरवायचं नाही, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही माहीत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे चपलांकडे पाहत होते.

रात्री म्हणाले, "मायनं बोललं आता. आपण दुसरे घेऊ."

"तुम्ही तुमच्या मायला समजवा, नाहीतर मी समजवते."

"तूच समजव," म्हणाले. बेताचंच बोलणं.

सकाळी सोळा भाज्या निवडायला बसलो. आत्याबाईंच्या हातात भेंडी, माझ्या हातात पडवळ. मी म्हटलं, "आत्याबाई, मी पेट्या देणार नाही."

त्यांचा हात थांबला. "देवीले बोलली मी."

"तुम्ही बोललात. मी नाही बोलले. माझ्या पगारातून घेतल्यात, माझ्या हातानं लावून ठेवते."

"लेकरापरीस ठोकळे जास्त झाले काहो तुले?"

हे लागलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मी ठरवलं होतं की आज रडायचं नाही, रडलं की बोलणं वाहून जातं. "आत्याबाई, हे लेकराच्या बदल्यातले नाहीत. उद्या मला जुळं झालं तरी पेट्या माझ्याच राहतील, लेकरांना मी वेगळे ठोकळे घेऊन देईन. आणि लेकरू नाहीच झालं, तर एवढंही माझ्यापाशी राहू नये का?"

त्यांनी भेंड्या चिरल्या, आंबील ढवळली, फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात बांधल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. आता पाच लेकरं येतील आणि दारात मी आणि सासू ओढाओढ करू, सगळी गल्ली बघेल. करू! माझी तयारी होती.

दुपारी जेवणं आटोपली आणि मी तिन्ही पेट्या खाली काढल्या. महालक्ष्म्यांपुढे आरास करायचीच असते, बाहुल्या, खेळणी मांडायचीच असतात. मग माझं खेळणंही तिथंच मांडीन, सगळ्यांच्या देखत. दोन बाळांच्या पुढ्यात पाट टाकला आणि परकोट बांधायला घेतला. खाली दगडी ठोकळे, वर लाल विटांची भिंत, मधे लाकडी कमानीचा मोठा दरवाजा, इतका मोठा मी कधी केला नव्हता. कमान पडली. आगपेट्या परत रचल्या. परत पडली, या खेपेला भिंतीचा कोपरा घेऊन. संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया येणार होत्या.

आत्याबाई सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कधीपासून पाहत होत्या कोण जाणे.

"थो डावा खांब कलून राह्यला," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. खरंच कलला होता. खाली पाटाची फट होती. मी कागदाची घडी सारली, खांब सरळ केला, ठोकळे चढवले, मधला दाबला, आगपेट्या काढल्या. शेवटची काढताना आत्याबाई उंबऱ्यावरून अर्ध्या उठल्या. कमान राहिली. आत्याबाईंनी जवळ येऊन तिच्याखालून हात घातला, बोटं पलीकडून हलवून पाहिली, आणि वाती वळायला गेल्या.

संध्याकाळी बाया आल्या. दिव्यात लाल भिंत छान उठून दिसत होती. "माय वो, हा तर अमरावतीचा दरवाजा!" कोणीतरी ओळखलं, आणि मला इतका आनंद झाला की कुंकवाची कोयरी हातातून निसटली. पण शेजारच्या वहिनी होत्याच. वाकून बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "छान झालं. उद्या हे पाच लेकरायले वाटनार ना आत्याबाई? तुमी बोलल्या म्हने. वाटूनच टाका. कोनाच्या तरी पोटच्याले कामी येईन."

मी तोंड उघडणार होते. आत्याबाईंनी मला हातानं थांबवलं. त्या उठल्या, महालक्ष्म्यांपुढे गेल्या, आणि शेजारणीशी एक अक्षर न बोलता देवीशीच बोलल्या.

"माय, मी चुकली. जे बोलली थे माह्यं नव्हतं. सुनेचं व्हतं. तिले न इचारता बोलली. दुसऱ्याची चीज बोलून नवस कुठं होते? थे सुनेपाशीच राहीन. तुले मी दुसरं देतो."

मग वळून वहिनींना म्हणाल्या, "बसा ना. आंबील घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या ह्यांना घेऊन बाजारात गेल्या आणि पोळ्यातून उरलेले पाच लाकडी बैल घेऊन आल्या. बोळवणीला गल्लीतली पाच लेकरं दोऱ्या ओढत बैल घेऊन गेली. एक त्यातलं माझ्या कमानीसाठी भोकाड पसरून बसलं. आत्याबाईंनी त्याला करंजी दिली आणि दाराबाहेर काढलं.

मला मूल झालं नाही, ना तेव्हा, ना नंतर. पेट्या आहेत. तिन्ही आहेत, नंतरच्याही आहेत, एक ठोकळा हरवलेला नाही.

पुढच्या भादव्यात गावच्या घरावर नवं छप्पर चढलं होतं, म्हणून महालक्ष्म्यांना आम्हीच शेंदूरजनाघाटला गेलो. मी एक पेटी सोबत नेली होती. आत्याबाई मुखवटे पुसत होत्या, आणि पदर सरला तेव्हा मला दिसलं की त्यांचे दंड मोकळे आहेत. लग्नापासून घातलेल्या, हाताला ज्यांचे वळ पडले होते त्या चांदीच्या येळा नव्हत्या.

"आत्याबाई, येळा कुठं गेल्या?"

त्यांनी मुखवट्याचं नाक नीट पुसलं.

"बोलली व्हती," त्या म्हणाल्या. "माह्या व्हत्या."