रुखवत कोणी केलं

भाचीने ताईच्या रुखवताचे फोटो साईटवर टाकले, तो रविवार होता. बुधवारी नवरीची आई घरी आली. त्यानंतर ताईकडे बायका यायच्या थांबल्या.

ताईला जाऊन आता वर्ष होत आलं. ती माझी थोरली बहीण. मीरा रोडला पेणकरपाड्यात तिच्या घरी मी राहत असे, कारण मी शिकवत असे ती शाळा तिथून जवळ होती आणि मला स्वयंपाक येत नव्हता. मेहुणे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. त्यांचा पगार आणि ताईचं रुखवत, या दोन्हींवर घर चालायचं. भाची तेव्हा कॉमर्सला होती.

लग्नाच्या हॉलमध्ये टेबलावर मांडतात ते सगळं ताई करायची. सुपारीचे नवरा-नवरी, रंगवलेल्या तांदळाची सप्तपदी, नारळाचा गणपती, साखरेचा बंगला, बंगल्याच्या दारात मसुरीच्या डाळीचं वृंदावन, आणि सगळ्यांत पुढे दोघांच्या नावांची पाटी. हे खरं तर मुलीने करायचं असतं. मुलीने, तिच्या मावश्या-आत्यांनी, मैत्रिणींनी. पण मुली सकाळी नोकरीला जात त्या दिवेलागणीला परत येत, मावश्या कोणी डोंबिवलीला तर कोणी रत्नागिरीला. म्हणून मुलींच्या आया ताईकडे यायच्या. एकट्या यायच्या. तयार झालेलं घेऊन जाताना रिक्षा अगदी दाराशी आणायच्या आणि सगळ्यावर चादर टाकायच्या. ताईचं नाव एक बाई दुसरीला सांगे ते आवाज उतरवून, आणि शेवटी "कुठे बोलू नका हं" असं जोडून. तिचा धंदा असाच वाढला होता. ती कोणाला सांगत नाही, हीच तिची जाहिरात होती.

यातल्या बऱ्याचजणी तिला लग्नालाही बोलवायच्या. एकदा ती जेवून आली आणि पदराने वारा घेत हसत सुटली.

"अगं, विहीणबाई टेबलापाशी उभ्या. नवरीची आई सांगतेय, आमच्या मुलीनेच केलंय हो सगळं, नोकरी सांभाळून. आणि मी शेजारीच."

"मग तू काय म्हणालीस?" भाचीने विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, हात चांगला आहे हो मुलीचा."

"म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटून आलीस," मेहुणे म्हणाले.

भाची हसली नाही. "तुझं नाव कोणीच घ्यायचं नाही का कधी?" एवढंच म्हणाली.

त्या काळी कॉलेजातली सगळी मुलं एका साईटवर असत. ती साईट आता बंद झाली आहे. तिथे लोक एकमेकांच्या पानावर निरोप लिहायचे, आणि गावांचे, कॉलेजांचे, आडनावांचे गट करायचे. मीरा-भाईंदरच्या मराठी मुलांचाही एक गट होता. आमच्याकडे नुकताच हप्त्यांवर घेतलेला कॉम्प्युटर आला होता. भाचीला कॉलेजात मार्केटिंग शिकवत होते. ती आठवडाभर ताईच्या मागे लागली.

"आई, फुकट आहे. नाक्यावरचा केकवालासुद्धा आहे त्याच्यावर."

"पण लोक बघतील ना?"

"बघायलाच टाकायचं असतं!"

रविवारी ताईने ठेवणीतली साडी नेसली. पुढच्याच आठवड्यातल्या एका लग्नाचं रुखवत तयार होऊन पलंगावर मांडलेलं होतं. त्याच्या बाजूला ती उभी राहिली. मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला होता. फोटोत पाटीही आली, दोघांच्या नावांची, ठळक. ती बाजूला करावी असं कोणाच्या मनात आलं नाही. पाटीशिवाय रुखवत पुरं होत नाही, आणि ताईने अर्धवट मांडलेलं रुखवत कधीच कोणाला दाखवलं नव्हतं.

सोमवारी गटातल्या मुलांचे अभिप्राय आले. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, त्यामुळे ताईला ते लागेना. मी शाळेतून आल्यावर तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"वाच."

मी वाचलं. खूप छान काकू. माझ्या लग्नात तुम्हीच. काकू, तुम्ही कुठे राहता?

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं. शेजारची गुजराती वहिनी दारातूनच म्हणाली, "भाभी, आप तो हीरोइन हो गयीं!" ताईने तिला खायला लाडू दिला.

मंगळवारी वाचायला बसले तर खाली एका मुलाने लिहिलं होतं, "अरे, ही तर आमच्या दादाच्या लग्नाची पाटी! वहिनी तर सांगत होती, स्वतः जागून जागून करतेय." त्याच्याखाली त्याचे चुलतभाऊ, मामेभाऊ हसत होते. मी ते वाचलं. ताई भाचीला म्हणाली, "काढ ते." भाचीने सगळं काढलं. पण बघायचं ते लोकांनी बघून झालं होतं.

बुधवारी नवरीची आई आली. हे कुटुंब काही वर्षांपूर्वी लालबागची खोली विकून मीरा रोडला राहायला आलं होतं. बाई बसल्या नाहीत.

"वहिनी, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"कुठे बोलायचं नाही."

"आणि तुम्ही जगाला दाखवलंत. वर स्वतः उभ्या राहिलात, नटूनथटून!"

"काकू, चूक माझी आहे, फोटो मी—" भाची म्हणाली.

"तू गप बस. तुझं ठरेल ना, तेव्हा तुला कळेल." मग ताईकडे वळून, "विहीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, रुखवत बाहेरूनच करायचं होतं तर आधी सांगायचंत, आमच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर आहे. म्हणाल्या, मुलगी तरी घरचीच आहे ना?" एवढं बोलून बाईंना रडू फुटलं.

ताईने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "मुलीला पाठवा माझ्याकडे. लग्नाला अजून दिवस आहेत. तिच्याच हातून करून घेते. मग खोटं राहणार नाही."

"तिला वेळ कुठाय?"

"वेळ नसतो म्हणूनच तर सगळ्या माझ्याकडे येतात. तरी पाठवा."

मुलगी आली. ऑफिसातून परस्पर, खांद्याला डब्याची पिशवी तशीच. आईपेक्षा शांत होती. लग्नापर्यंत रोज संध्याकाळी येत राहिली. पहिल्या दिवशी तिने सुपारीची नवरी केली. ताईने ती उजेडात धरली.

"ही नवरी आहे की हवालदार?"

"सासूबाईंवर गेलीय," मुलगी म्हणाली, आणि त्या घरात दोन दिवसांनी कोणीतरी हसलं.

तिचं एकेक होत गेलं तसं ताई स्वतःचं एकेक उचलून घेत होती. गणपती तेवढा ठेवला, कारण नारळ मुलीला काही जमेना. सप्तपदीची पावलं लहानमोठी झाली. बंगला एका बाजूला कलला. ताईला तो सरळ करायचा मोह होत होता, हे मला दिसत होतं. तिने हात लावला नाही.

लग्नाला आम्हाला बोलावणं नव्हतं. नंतर मुलगी पेढे घेऊन आली. सासूबाई टेबलापाशी बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. शेवटी बोलल्या, "हे मात्र तूच केलेलं दिसतंय." ही स्तुती की टोमणा, ते मुलीला कळलं नव्हतं. ताई म्हणाली, "स्तुतीच समज. पुढचं सोपं जाईल."

एवढ्याने ताईचा धंदा काही सावरला नाही. त्या हंगामात आधी ठरलेल्या दोघी-तिघी आल्या, आपलं सामान घेऊन गेल्या. नवीन कोणी आली नाही. बाजारात जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणी दिसली तर ती भाजी निवडण्यात गुंग व्हायची. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिचं नाव लपवायचं ती स्वतःच फोटोत उभी राहिली, तर तिच्याकडे जाणार कसं?

पुढच्या वर्षी ताईनेच विषय काढला. रुखवत करून देणार नाही, शिकवीन, असं साईटवर लिही, म्हणाली. भाचीने लिहिलं. छान म्हणणारे पुष्कळ निघाले. दुबईहून एकाने चौकशी केली आणि पुन्हा लिहिलं नाही. प्रत्यक्षात मुली आल्या त्या मोजक्या. काही साईटवर बघून, काही त्या कललेल्या बंगल्याची गोष्ट ऐकून. कोण कशामुळे आली हे ताई विचारत नसे. भाची विचारायची, तिला प्रोजेक्टला हवं होतं. काशीगावची एकजण पहिले दोन दिवस नुसती बसून राहिली, "मावशी, मला काय हे जमायचं न्हाय." तिचा हात पुढे सगळ्यांत चांगला झाला.

शिकवण्याने पूर्वीइतकं घर चालत नव्हतं. मेहुण्यांनी ओव्हरटाइम घेतला आणि मी घरात जास्त देऊ लागले. पण मुलींच्या आया आता चादर आणत नसत.

हल्ली शाळेतल्या बायका मला विचारतात. कोणी मसाले करते, कोणी तोरणं. फोटो टाकू का? त्याने खरंच फायदा होतो का? मी त्यांना विचारते, तुमचं गिऱ्हाईक तुमचं नाव दुसऱ्याला मोठ्याने सांगतं का? सांगत असेल तर टाका. याहून जास्त मला समजलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी भाचीने एकदा ताईची माफी मागितली. ताई मेथी निवडत होती. म्हणाली, "जाऊ दे गं. त्या फोटोत मी बरी दिसत होते."

तो फोटो आमच्याकडे नाही. साईटवरून काढला तेव्हा तो कुठे ठेवून घ्यावा हे सुचलं नाही, आणि कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला. भिंतीवर लावायला हवा होता तेव्हा मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतला.

ताईकडे शिकलेल्यांपैकी दोघी अजून रुखवत करतात. एक फोनवर फोटो टाकते, दुसरी टाकत नाही. दोघींना काम आहे.