पिवळे चोर आणि खिडकीवरचे ठोके

माझ्या मामाने जन्मभर लोकांची अडलेली कुलपं उघडून दिली, स्वतःचं तोंड मात्र फारसं कधी उघडलं नाही. घरात बोलण्याचं खातं मामीकडे होतं. मामी शाळेत खेळाच्या तासाची बाई. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की तिसऱ्या गल्लीतली मुलंसुद्धा पाठ ताठ करायची. सगळे तिला शिट्टीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. गेल्या थंडीत ती गेली. त्यानंतर मामाचं जे झालं त्याला दुःख म्हणावं की नाही, हेच मला कळेना.

तो रडला नाही. माणसं आली, रडून गेली, मामाच्या तोंडावरची माशी हलली नाही. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. मी शेजारच्या गल्लीत राहते, रोज डबा घेऊन जायची. एकदा मुद्दाम भाजी अळणी केली आणि विचारलं, "मामा, मीठ बरोबर आहे ना?"

"असेल," तो म्हणाला.

असेल! ज्या माणसाने मीठ कमी पडलं म्हणून पूर्वी मामीशी दोन दिवस अबोला धरला होता, तो हा. मला राग आला. त्याचा नाही, कुणाचा ते सांगता येणार नाही, पण डबा मी आपटूनच धुतला.

घरामागे त्यांची छोटी हिरवळ आहे. थंडी सरली की तिच्यात पिवळी फुलं उगवतात. रोपवाला त्यांना डँडेलियन म्हणतो, मामी त्यांना पिवळे चोर म्हणायची. गुपचूप येतात आणि गवताची जागा बळकावून बसतात. चार दिवसांत त्या फुलाची पांढरी म्हातारी होते, वारा सुटला की शेजाऱ्यांच्या बागेतही चोर. वरून ओढलं तर पानं हातात येतात आणि मूळ खालीच राहतं. मूळ गाजरासारखं सरळ खोल गेलेलं असतं. तुटलं, की राहिलेल्या तुकड्यातून चोर पुन्हा हजर.

म्हणून मामाने स्वतः एक हत्यार घडवलं होतं. जुना लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोकाला मधोमध चीर पाडून दोन दाते केले, जराशी वाकण दिली आणि लाकडी मूठ बसवली. मामी त्याला मोठी किल्ली म्हणायची. पानांच्या शेजारी ती सरळ खाली खुपसायची, मूठ हलकेच कलती करायची आणि थांबायचं. मुळाने जमीन सोडली की हाताला कळतं. "खटका पडतो," मामा म्हणायचा.

सगळं ठीक, पण एक गोची होती. मामाला हिरवं आणि पिवळं वेगळं दिसायचंच नाही, अगदी जन्मापासून. त्यामुळे किल्ली त्याची आणि डोळे मामीचे. ती मागे उभी राहून हुकूम सोडायची आणि हा उकिडवा बसून सरकायचा. मग मामीला झटका आला. अर्धं अंग गेलं, जीभ जड झाली, शिट्टी तर ओठांत धरवेना. आता बाई गप्प बसतील असं आम्हाला वाटलं. कसल्या बसतात! तिने खाट मागच्या खिडकीशी लावून घेतली आणि चांगल्या हातात चमचा धरून काचेवर ठोके सुरू केले. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे तिथंच, खुपस. मामा खिडकीकडे पाठ करून बसायचा. अख्खं मूळ निघालं की वळून ते वर धरायचा, आणि मामी पंचाने गुण द्यावा तशी मान हलवायची.

यंदा हिरवळ पिवळीधमक झाली तरी मामा खुर्चीतून हलला नाही. मामेभावाचा धीर सुटला. त्याने मागे फरशी घालायचं ठरवलं.

"सुंठीवाचून खोकला गेला, ताई," तो मला म्हणाला. "ना गवत, ना चोर, ना बाबांच्या गुडघ्यांची कटकट."

"अरे, त्यांना उठायला काहीतरी राहू दे. माणूस एकदा बसला की बसतो."

"ते बसलेच आहेत, ताई."

खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. फरशीवाल्याने नमुने आणून मांडले. "काका, करडी घालू की लाल?"

"कुठलीही घाल. मला सगळ्या सारख्याच," मामा म्हणाला. फरशीवाला विनोद समजून हसला. सोमवारी काम सुरू करायचं ठरलं. बाग गेली की या घरात मामाने उठावं असं काहीच उरणार नव्हतं.

रविवारी मी मोठी किल्ली शोधून त्याच्या हातात दिली. "शेवटचं म्हणून एकदा कर."

"बरं," म्हणाला, आणि गेला. नेहमीसारखा खिडकीकडे पाठ करून उकिडवा बसला. बसला तो बसलाच. किल्ली हातात, मान खाली. बऱ्याच वेळाने माझी ट्यूब पेटली. मी चमचा घेऊन खिडकीशी गेले. त्याच्या उजव्या हाताला एक गलेलठ्ठ चोर पसरला होता. मी दोन ठोके दिले.

त्याची पाठ ताठ झाली. मग तो डावीकडे सरकला.

मी पुन्हा दोन ठोकले. तो आणखी डावीकडे गेला. थांब म्हणायला खूणच नव्हती, गडबडून मी तीन ठोकले, आणि त्याने स्वच्छ गवतात किल्ली खुपसून मातीचं ढेकूळ वर काढलं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता डोकंही गेलं.

तो उठून खिडकीशी आला. चेहरा लाल. "नीट ठोकता येत नाही का तुला?"

"नीटच ठोकलं मी! दोन म्हणजे उजवीकडे."

"तेच तर," मामा म्हणाला. "झटक्यानंतर तिचं डावं-उजवं उलटं झालं होतं. तिला ते कळलं नव्हतं. जन्मभर पोरांना डावा-उजवा शिकवलेली बाई, तिला कसं सांगू? तिने एक ठोकला की मी उजवीकडे जायचो."

"कधीच नाही सांगितलंस?"

"सांगायचंय काय त्यात? चोर निघत होते ना."

मला रडू आवरेना. मामा कोरडाच होता. दुसऱ्याच्या कुलपाबद्दल सांगावं तसा म्हणाला, "मला नाही गं रडू येत. आत काही हलतच नाही. आता राग आला, तेवढाच."

तो परत जाऊन बसला. मागे न बघता म्हणाला, "उलटं ठोक."

मी एक ठोका दिला. तो उजवीकडे सरकला. मग तीन. त्याने किल्ली खुपसली, कलती केली, थांबला. अख्खं मूळ शेपटीसकट बाहेर आलं. तो वळला आणि त्याने ते खिडकीकडे वर धरलं. मी मान हलवली.

"फरशीवाल्याला सांग, नको," मूळ झटकत तो म्हणाला. "आणि जरा जोरात ठोक. तिचा हात जड होता."