न उघडणाऱ्या फाइलचा पंचनामा

खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले. त्यातले कितीतरी आता धूसर झालेत. पण एका पेनड्राइव्हमधली न उघडणारी फाइल आजही लख्ख आठवते, कारण तिच्यापायी एका निर्दोष मुलीवर मी जवळजवळ गुन्हा दाखल केला होता.

नोकरीची शेवटची वर्षं मी शहापूर-मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. एवढ्यात एका धर्मादाय रुग्णालयाचे हेडक्लार्क आले. वय निवृत्तीच्या जवळचं, खिशाला दोन पेनं. त्यांनी टेबलावर खाकी पाकीट ठेवलं. आत पेनड्राइव्ह, आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, ‘एकूण नग : एक.’

तक्रार अशी होती. रुग्णालयात परिचारिकेची एक जागा होती. निवड यादीत पहिलं नाव सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरल्या एका मुलीचं. अट एवढीच की पदवी, नोंदणी आणि अनुभवाचा दाखला ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ईमेलनं यायला हवा. तिचा मेल वेळेत आला, पण त्यात कागद नव्हतेच.

“चार बनावट फाइली पाठवल्यान साहेब,” हेडक्लार्क म्हणाले. “एक पण उघडत नाय. कागद तयार नसणार, म्हणून जागा अडवायला कचरा पाठवला. वर व्हायरस. कॉम्प्युटर बंद पडतो आमचा.”

मी पेनड्राइव्ह लावून पाहिला. एक पीडीएफ, एक फोटो, एक वर्डची फाइल, आणि चौथी कसली ते कॉम्प्युटरलाच माहीत नव्हतं. चारही उघडेनात. मी स्टेशन डायरीत नोंद केली : ‘तक्रारदाराने चार बनावट फाइली हजर केल्या.’ बनावट हा शब्द मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिला. ही माझी पहिली चूक.

गुन्हा मात्र लगेच दाखल केला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला. त्याचं कारण कायद्याच्या पुस्तकात नाही. अर्जात त्या मुलीच्या नावापुढे बी.एस्सी. नर्सिंग लिहिलेलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.कॉम.चं प्रमाणपत्र घरी आणलं तेव्हा वडील गोठ्यातून आले होते. त्यांनी आधी हात धुतले, पंच्याला पुसले आणि मगच तो कागद हातात घेतला. मला त्या पदवीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पाड्यावरच्या घरात अशी पदवी कशी येते ते मला ठाऊक होतं. तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिच्यावर कलम लावायचं नाही, एवढं ठरवलं.

वेळ थोडा होता. नेमणुकीसाठी तिला आठ दिवसांत पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला द्यायचा होता आणि त्यावर सही माझीच लागणार होती. गुन्हा दाखल झाला असता तर दाखला अडला असता, जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराकडे गेली असती, आणि ‘खोटे कागद पाठवणारी’ हे नाव तिला आयुष्यभर चिकटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. शहापूरजवळच्या एका कंपनीत प्रथमोपचार खोलीत कामाला होती. तिथून ड्यूटी करून सरळ आली होती. सोबत आमच्या महिला हवालदार बसल्या. या बाई किन्हवलीकडच्या. घरची भाताची गिरण, आणि ठाण्यातलं ऑनलाइन काम सगळं त्यांच्याकडे.

“बस गो, घाबरू नको,” बाईंनी तिला पाणी दिलं.

मी विचारलं, “मेल तू स्वतः पाठवलास?”

“हो साहेब. कंपनीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून. मॅनेजरना विचारून.”

“चार फाइली?”

“चार नाय, तीन. तीन पीडीएफ.”

“रुग्णालय म्हणतं चार आल्या.”

“मग त्या माझ्या नायत.”

मी आवाज चढवला. “नीट आठव. चार?”

“तीन, साहेब.”

इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस आपण टाकलेल्या आकड्याशी स्वतःचा आकडा जुळवून घेतो. ही जुळवत नव्हती. तरी मी पोलिसी हट्ट सोडला नाही. म्हटलं, “आत काहीतरी भलतंच निघालं तर?”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “निघू द्या. पन तुमी उघडा तं खरं. उघडल्याबिगर आत खोटं हाय ता तुमाला कसं कळलं?”

हवालदार बाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. मला राग आला, आणि राग आला म्हणजे मुद्दा बरोबर होता.

मुलगी गेल्यावर बाईंनी पेनड्राइव्ह मागून घेतला. पाच मिनिटांत मला हाक मारली.

“साहेब, या चौघांचं वजन बघा.”

फाइलींच्या नावापुढे त्यांचा आकार दिसत होता. शेवटच्या आकड्यापर्यंत चारही सारख्या.

“फोटोचं, पीडीएफचं, वर्डचं, सगळ्यांचं वजन एकच? आमच्या गिरणीत दोन पोती तरी अशी भरतात का?” बाई म्हणाल्या. “ही चार पोती नायत साहेब. पोतं एकच, वरची चिठ्ठी चारदा बदललीय. पोत्यावर कोलम लिहिलं म्हणून आतला जाडा तांदूळ कोलम होतो होय?”

मी खुर्चीत ताठ बसलो. एकच इसम आणि चार ऊर्फ! असे आरोपी आयुष्यभर पाहिले होते. नाव बदलतात, गाव बदलतात, पण बोटांचे ठसे तेच राहतात. बाईंनी चारही फाइली साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवल्या. सगळी अगम्य अक्षरं, पण चारही ठिकाणी सुरुवात हुबेहूब सारखी. पीडीएफची फाइल असली तर सुरुवातीलाच पीडीएफ अशी अक्षरं दिसतात. इथं ती नव्हती.

हेडक्लार्कना बोलावलं.

“भाऊसाहेब, मूळ मेल दाखवा.”

“डिलीट केला साहेब. मेलपेटी भरून जाते. कागद काढून घेतला की डिलीट.”

“कागद काढून घेतला म्हणजे?”

“छापला, आवक नंबर टाकला, शिक्का मारला, फाइलला लावला.” ते जरा ओशाळले. “हसतात मला सगळी. ईमेलला कसला आवक नंबर, म्हणतात. पन आपली जुनी सवय.”

मी शिपायाला त्यांच्यासोबत पाठवून ती फाइल मागवली. गुलाबी दोरीनं बांधलेली. आत त्या मेलचा छापील कागद होता. वेळ दुपारी तीन चाळीस. वर जांभळा शिक्का, त्याच दिवसाचा आवक क्रमांक. आणि खाली जोडपत्र एकच, नाव ‘विनमेल डॉट डॅट’. वजन पेनड्राइव्हमधल्या फाइलींइतकंच.

“एकच आलं होतं भाऊसाहेब. मग चार कुठून झाल्या?”

त्यांनी चष्मा काढला. कागद डोळ्यांजवळ धरून ते नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “मीच केल्या साहेब. उघडत नव्हती म्हणून कॉपी काढून नावापुढं पीडीएफ लिहिलं. नाय उघडली. मग फोटो लिहून बघितलं. मग वर्ड. म्हटलं एखादी तरी लागेल. दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेलो. माझ्यामागं वरच्यांनी फोल्डर उघडला, चार मोजल्या, तक्रार लिहिली. मी आलो तो सही करून इकडं. माझ्या ध्यानातच नाय राहिलं.”

हे कबूल करायला छाती लागते. मी त्यांना चहा पाजला. त्यांच्या कॉम्प्युटरचीही तपासणी करून घेतली. व्हायरस कुठेच नव्हता. यंत्रच एवढं जुनं की कुठलीही फाइल उघडताना मान टाकायचं.

आता पाहायचं होतं की हे ‘विनमेल’ झालं कसं. कंपनीच्या ऑफिसात प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. दोन पंच घेतले, एक चहावाले आणि एक निवृत्त शिक्षक. कोऱ्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या, स्कॅन करून पीडीएफ केली. मुलीनं त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच पद्धतीनं ती ठाण्याच्या ईमेलवर पाठवली. ठाण्यात हवालदार बाई फोन धरून बसल्या होत्या.

“आलं साहेब. नाव विनमेल डॉट डॅट.”

चहावाले चकित झाले. “पाठवला कागद नि पोचला डबा?”

तेच खरं होतं. त्या कंपनीचा मेल प्रोग्राम पत्राची सजावट आणि सोबतचे कागद एकत्र करून आपल्या पद्धतीचं एक बंद पाकीट बनवायचा. त्याच जातीचा प्रोग्राम समोर असला तर ते आपोआप उघडतं, दुसऱ्याला नुसतं पाकीट दिसतं. बाईंनी फोनवरूनच सांगितलं, “तिला म्हणावं, पत्राचा प्रकार बदलून साधा मजकूर कर नि परत पाठव.” मुलीनं तसं केलं. अर्ध्या मिनिटात बाईंचा आवाज आला, “आली! पीडीएफच आली. सह्या पन दिसतात.” शिक्षकांनी पंचनाम्यावर सही करताना विचारलं, “एवढंच होतं?” मी म्हटलं, “एवढंच होतं गुरुजी.”

शेवटचं काम उरलं होतं, रुग्णालयात आलेलं मूळ पाकीट उघडायचं. मी घाईत म्हटलं, एखाद्या वेबसाइटवर टाकून बघा. बाईंनी मला तिथंच थांबवलं. “नाय साहेब. तिची पदवी कुठल्या अनोळखी दारात ठेवायची नाय.” त्यांनी आधी फाइलची कॉपी काढून पेनड्राइव्ह सीलबंद केला, त्या कॉपीवर काम केलं आणि असं पाकीट उघडणारा छोटा प्रोग्राम आमच्याच कॉम्प्युटरवर चालवला. नाव बदलल्यानं आतलं काही बिघडलं नव्हतं.

पडद्यावर एकाखाली एक कागद आले. पदवी, नोंदणी, अनुभव. तीन. ती म्हणाली होती तेवढेच.

हेडक्लार्क शेजारी उभे होते. त्यांनी आपल्या फाइलमधला शिक्का मारलेला कागद काढला आणि त्या आवक क्रमांकावर बोट ठेवलं. “साहेब, नंबर मुदतीच्या दिवसाचा हाय. कागद त्याच दिवशी आलेत. मी तसं लिहून देतो.” ज्या सवयीला सारं ऑफिस हसत होतं, तिनंच त्या मुलीची जागा वाचवली. वरिष्ठांना तसं पत्र देताना त्यांनी स्वतःची चूकही त्यात लिहिली. असा कारकून मी दुसरा पाहिला नाही.

चारित्र्याचा दाखला न्यायला मुलगी आली. मी सही केली, ठाण्याचा शिक्का मारला. टेबलावरचा दाखला तिनं वाकून वाचला, पण उठली नाही.

“साहेब, तुमच्या डायरीत माझ्या नावावर बनावट लिवलंय म्हणं. ता खोडलंत?”

खोडता येत नाही. स्टेशन डायरीत लिहिलेलं फाडता येत नाही, पुसता येत नाही, तो नियमच आहे. मी डायरी मागवली आणि तिच्यासमोर नवी नोंद घातली : ‘पूर्वीच्या नोंदीतील बनावट हा शब्द चुकीचा आहे. फाइल एकच होती, खरी होती व मुदतीत पोचली होती. ती न उघडता मत नोंदवले, ही चूक माझी.’ खाली पूर्ण सही केली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवली.

ती उठली. माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाची ओल तिच्या बोटांना लागली होती. तिनं ओढणीला हात पुसले, आणि मगच दाखला उचलला.