चपलायजवळची उपासना

त्या ऐतवारी देवळाच्या सपरीत, म्हंजे बाहेरच्या पडवीत, मी होती, माही नात इस्तू होती, तिची माय वैशाली होती, अन एक टरकवाला डायवर होता. आत पाळक साहेब होते, मंडळीचे पंच याकोबभाऊ होते, अन नातू कडेवर घेतलेली मार्थाबाई होती. बाकीची मंडळी बी होती, पन आमी काही पाह्यलं नाही म्हनते, म्हनून त्यायचं नाव घेत नाही.

मी चिखल्याची. नवरा खदानीत होता, थो गेला. मंग लेक दाविद खदानीत लागला. मी चवथी शिकली, पवित्र शास्त्र बोट ठेवून वाचते. जसं बोलते तसंच लिहून राहिली. चुकलं तं चुकलं.

दाविदले कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध केलं, मंग तुमसरले नेलं, मंग भंडाऱ्याले. भंडाऱ्याहून आनलं थे झाकूनच आनलं. मंडळी आली, गीतं म्हनली, चहा पेली. माती झाली तोवर घर भरून होतं. मंग एकही जन उंबऱ्यात आला नाही. मी कोनाले बोलावलं बी नाही. आपल्या मानसाले बोलवा लागते का?

सून वैशाली अड्याळची, बुद्धाच्या घरची. लगन कोर्टात झालं. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही, मी बी कधी म्हनलं नाही. पोरगी चांगली, माह्या पोराले जीव लावला, आनखी काय पायजे? पन देवळात तिची जागा सपरीतच होती. कोनी बाहेर बस म्हनलं नोयतं, पन आत ये असं बी म्हनलं नाही. दाविद आत बसे, थे बाहेर बसे. नवरा-बायको एका दरीवर, एका सतरंजीवर, कधी बसलेच नाही.

आमच्या देवळात एक रीत हाय. उपदेश सुरू झाला का लेकरायले बाहेर पाठवते. आधी एक बाई सपरीत त्यायले वचनं शिकवे, गोष्ट सांगे, चित्रं दाखवे. थे बाई लगन होऊन नागपूरले गेली. बाई गेली, रीत राह्यली. मंग लेकरं बाहेर चपलायजवळ बसून रायते, अन आतमधी उपदेश चालते का लेकरायले प्रभूजवळ येऊ द्या.

दाविद गेल्यावरच्या पयल्या ऐतवारी इस्तू माह्या पदराले धरून आतच राह्यली. मी उठवलं नाही. पाळक साहेब दाविदचं नाव घेऊन म्हनले का देवाले थो आवडला म्हनून देवानं त्याले बलावून घेतलं. तशी इस्तू उभी झाली. चांगल्या खड्या आवाजात म्हने, "देवाजवळ तं एवढे लोक हाय. त्याले माहाच बाबा काहून पायजे होता?"

कोनी तरी हासलं. पाळक साहेबानं चष्मा पुसला. याकोबभाऊ उठले, पोरीचा दंड धरला अन बाहेर नेऊन चपलायजवळ बसवली. परत येता येता म्हनले, "माय कोन्या घरची हाय थे पाहा. शिस्त कुठून येईन?"

सपरीत वैशाली बसून होती. तिनं ऐकलं.

मी उठली, पदर सावरला, अन बाहेर जाऊन पोरीजवळ बसली. त्या दिवसापासून मी आत गेली नाही. दर ऐतवारी मी येवो, सपरीत बसो, चपलायचा वास घेवो, गीत आलं तं म्हनो. देवाले मनात म्हनलं, तू आत बस, मी इथं बसते. ऐकाचं असन तं ऐकशीन.

मले माह्या अपमानाचं काही नोयतं. आमी लय खाल्ला. मले भेव होतं इस्तूचं. पोरगी प्रार्थना करे ना. जेवाच्या आधी हात जोडे ना. रात्री मी डोकशावर हात ठेवला का हात बाजूले करे. एक दिवस म्हने, "आजी, देव याकोबभाऊचा हाय. आपला नाही." अन खदानीचं क्वार्टर सोडाचं होतं. परीक्षा झाली का वैशाली तिले घेऊन अड्याळले भावाकडं जानार होती. भावाच्या घरात बहीन मावते, भाची मावते, बहिनीची सासू कशी मावन? मी इथंच गावात राहनार होती. म्हंजे पोरगी माह्या हातून जानारच होती. माहं मागनं एवढंच होतं का तिनं देवावरचा राग घेऊन जाऊ नये. इथून गेल्यावर तिले देवाचं नाव सांगनारं कोनी नोयतं, अन सांगितलं असतं तं तिले याकोबभाऊच आठवला असता.

मी उपास केला. गुडघे दुखते तरी टेकले. काही झालं नाही. देव चूप. मले वाटे, याले बी पंचायनं बाहेर बसवलं का काय.

मंग थो ऐतवार आला. ऊन लय होतं. खदानीच्या रस्त्यावर टरकायची लाइन लागली होती. एक डायवर उतरून पानी मांगाले सपरीत आला. खदानीच्या काळ्या धुळीनं भरला होता, पापन्या बी काळ्याच. वैशालीनं त्याले लोटा देल्ला. त्यानं पानी पेलं अन आतलं गीत ऐकून तिथंच टेकला.

मी म्हनलं, "आत जा ना गा भाऊ, तू बी प्रभूचा दिसतं."

थो म्हने, "ऐसे कपड़े में? दरी खराब हो जाएगी, माई. यहीं ठीक है." छत्तीसगडचा होता. त्यायच्या गावात बी देऊळ हाय म्हने.

इस्तू त्याच्याकडं पाहून राहिली होती. भेटन त्याले विचारे, तसं त्याले बी विचारलं, "देव बाबायले काहून नेते, तुमाले माहीत हाय का?"

मले वाटलं हा बी म्हनन, देवाची मर्जी. थो म्हने, "नहीं बेटी. हमको नहीं मालूम."

पोरगी त्याच्या जवळ सरकली. इतक्या लोकायतून हा पयला मानूस, ज्यानं माहीत नाही म्हनलं.

थो म्हने, "मेरी बिटिया गई तो मैं गिरजे में खड़ा होके भगवान को खूब सुनाया. गाली भी दिया."

"मंग? बाहेर काढलं तुमाले?"

"काहे निकालेंगे? बूढ़े लोग आके मेरे पास बैठ गए. पूरा गाँव रोया. फिर घर आके भात खिलाया."

इस्तू म्हने, "मी बी बोलू का? देवाले?"

"बोल ना. बहरा थोड़े है."

पोरगी उभी झाली. दाराकडं तोंड नाही केलं, रस्त्याकडं केलं. डोये उघडेच. म्हने, "देवा, तू मले आवडत नाही. माहा बाबा मले सायकल शिकवनार होता. अर्धी शिकवली. आता मांगून कोन धरन? माही माय रात्री रडते अन मले झोपली म्हनते. तुले दिसत नाही का? मी अड्याळले चालली. तुले याचं असन तं तिथं ये. आमेन."

आतमधलं गीत झालं होतं, म्हनून पोरीचं सारं बोलनं आत ऐकू गेलं. वैशाली, जे माती देतानी बी रडली नोयती, तिनं तोंडात पदर कोंबला अन मंग सोडून देल्ला. मोठ्यानं रडली. डायवर बी डोये पुसून राहिला होता, काळ्या तोंडावर पान्याच्या रेघा.

याकोबभाऊ दारात आले. "काय गोंधळ लावला वं? कोन हाय हा?"

डायवर उभा होऊन म्हने, "हम बाहरी आदमी हैं, दादा. पानी पीने आए थे."

याकोबभाऊच्या मांगून मार्थाबाई आली. त्यायले म्हने, "सरका जराशे." नातू घेऊन बाहेर आली अन वैशालीच्या बाजूले बसली. तिचा हात आपल्या हातात घेतला. दाविदच्या मातीनंतर मंडळीतलं कोनी आमच्याजवळ बसलं, थे हेच पयलं.

तिकडं लाइन सरकली, भोंगा वाजला. डायवरनं इस्तूच्या डोकशावर हात ठेवला अन गेला. नाव विचाराचं राहूनच गेलं. परत कधी दिसला नाही. कोनी म्हनते देवदूत होता. देवदूताच्या आंगाले बिडीचा वास येते का, मले माहीत नाही. मी एवढंच जानते का मी मांगितलं होतं अन थो आला.

देऊळ काही बदललं नाही. पंचायची सभा झाली, जवान पोट्टे काहून येत नाही म्हनून. ठरलं का मोठा आवाजाचा पेटारा घ्याचा, गिटार घ्याची, मंग पोट्टे येईन. घेतली. पेटाऱ्यावर कपडा झाकून ठेवते आता. बाप मेलेल्या पोट्ट्याले गिटार दाखवता का? मार्थाबाई म्हनते, "जाऊ द्या वं बाई, म्हातारे हाय ते." मी म्हनते, म्हातारी तं मी बी हाय.

लेकरं अजून बाहेरच बसते. मी बी तिथंच बसते. मले गोष्टी सांगता येते तेवढ्या सांगते, नाही येत थे सांगत नाही. मार्थाबाई असते, नातू असते. गावातल्या बाकीच्या घरचे लेकरं बी येऊन टेकते कधी कधी, अन कोनी कोनाचं घर विचारत नाही.

इस्तू गेली. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हने, "आजी, माही देवासंग कट्टी हाय. पन बोलून राहिली मी त्याच्यासंग." गाडी सुटली. मी तिथंच उभी राहून देवाचे उपकार मानले. मी मांगितलं होतं राग जाऊ दे. त्यानं राग ठेवला, पोरगी बी ठेवली. कसं करते थो, मले समजत नाही, अन आता समजून घ्याचं बी नाही. माह्या हातानं तं मी तिले धरू शकली नाही. त्याच्या हाती टाकली. जड गेलं, पन टाकली.

वाचनाऱ्याले एकच मांगनं हाय. तुमी अड्याळच्या बाजूले रायत असान, अन प्रभूचे असान, तं माह्या नातीकडं एक चक्कर मारा. देवळात ये म्हनू नोका. तिच्या मायले बाप्तिस्म्याचं विचारू नोका. चहा प्या, बसा. पोरगी लय विचारते. उत्तर नाही आलं तं नाही म्हना, पन उठून येऊ नोका.