अजून उभ्या न राहिलेल्या गल्लीचा निरोप

संगणकाच्या भाषेविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करते. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकायला बसलेल्या बाईचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. गणितात एम.एस्सी. होऊन वीस वर्षे घर सांभाळल्यावर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले होते. ते सहा महिने शनिवारी संपणार होते.

दुष्काळाचे वर्ष होते. शहर मुकुंदवाडीच्या पुढे पसरत होते आणि नव्या वसाहतींत नळाआधी टँकर पोहोचत होता. टँकर निघाला की त्या गल्लीतील घरांना फोनवर निरोप जावा, एवढेच माझे काम. ‘फेरी’ हा मूळ क्लास, म्हणजे प्रोग्रॅममधला साचा, तयार होता. तो घडतानाच विचारी, टँकर निघाला की काय करायचे? त्यावरून मी ‘गल्ली’ हा क्लास काढला, तिच्यात निरोप धाडणारी मेथड, म्हणजे कृती, लिहिली आणि तीच मूळ क्लास उभा करणाऱ्या कन्स्ट्रक्टरला देऊ केली. लिहिलेले तपासून घेणाऱ्या कंपायलरने ती नाकारली.

मंगळवारपासून तीन दिवस तीच ओळ मी उलटसुलट लिहिली. विचारायची लाज वाटत होती. अखेर तिथेच दुसरी एक गल्ली निर्माण करून तिची मेथड दिली, तक्रार थांबली. शुक्रवारी आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीवर चाचणी घेतली. निरोप कुणालाच गेला नाही. त्या दुसऱ्या गल्लीत एकही घर नव्हते.

शेजारी बसणारे वरिष्ठ माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तिथल्याच शेतकरी घरातले. त्यांनी खुर्ची ओढली.

“मॅडम, आधी फेरी उभी ऱ्हाती, मग तुमची गल्ली. जी अजून झालीच नाय, तिच्या हातानं निरोप कसा धाडता?”

मग द्यायचे तरी काय, असे मी विचारले.

“आत्ताच गल्ली कशाला पाहिजे? नुसतं सांगून ठेवा, टँकर निघाला का जी गल्ली हातात यील, तिला म्हणा निरोप दे.”

मी तीन दिवस विचारले नाही म्हणून ते हसलेही; आपल्याला तर घरातली म्हैससुद्धा भीत नाही, म्हणाले. मग मूळ क्लासमध्ये त्यांनी एवढाच बदल केला की निघतेवेळी फेरीने स्वतःलाच, म्हणजे तिच्यापासून घडलेल्या गल्लीलाच, त्या ओळीच्या हाती द्यावे. उरलेली ओळ मी लिहिली. तिच्यात गल्ली नव्हती, होती फक्त तिची जागा.

गणितातल्या फलनात क्ष लिहिण्यात माझी कॉलेजची वर्षे गेली, पण जे अजून जन्मलेलेच नाही त्याच्यासाठी आपण इतक्या निःशंकपणे जागा राखतो, हे मला कधी जाणवलेच नव्हते.

शनिवारी कंपनीच्या साहेबांसमोर आमच्या गल्लीकडे खरा टँकर सुटला आणि माझ्या पर्समधला फोन वाजला: टँकर निघाला. पाठोपाठ शेजारणीचा फोन, हौदाचं झाकण काढून ठेवलंय. सोमवारी या, एवढेच साहेब म्हणाले.

ती ओळ मला मंगळवारीच मिळू शकली असती. तुम्ही विचारायला किती दिवस लावता?