डेल्माताई आणि फिमिटोवरची बंदी

डेल्मा उपायो यांनी आमच्या खोऱ्यातल्या रग्बी लीगचं सचिवपद सतरा वर्षं सांभाळलं, आणि त्या सतरा वर्षांत त्यांना एकही सामना पुरता बघायला मिळाला नाही. सामना सुरू असताना त्या पत्र्याच्या शेडखाली टेबलाशी मान खाली घालून बसलेल्या असत. कोण मैदानात उतरला, कुणाच्या जागी कोण आला, कोण भावाच्या कार्डावर खेळतोय, हे सगळं लिहीत. लोक ओरडले की शेजारच्याला विचारत, "कुणी मारला ट्राय?" आणि पुन्हा खाली बघत.

मी त्या लीगमधला पंच, आवेआ. मूळचा किनाऱ्यावरचा, केरेमाकडचा. गोरोका शहराच्या वरच्या या डोंगरात मास्तर म्हणून आलो आणि बावीस वर्षं इथेच राहिलो. मला शिट्टी दिली ती माझ्या खेळामुळे नाही. या खोऱ्यात माझं कुठलंच कूळ नाही, म्हणून दिली. मी शिट्टी वाजवली की निदान मामाच्या पोरासाठी वाजवली असं कुणी म्हणू शकत नाही.

डेल्माताईंची गोष्टही तशीच. त्या कॉफी सोसायटीत टंकलेखिका होत्या. आधीचे सचिव भावाच्या मयतीला म्हणून लाए शहरात गेले ते परतलेच नाहीत, आणि कागदांनी भरलेली त्यांची बिलुम-झोळी सोसायटीच्या कचेरीतच राहिली. डेल्माताईंनी एका शनिवारपुरतं वेळापत्रक टाइप करून दिलं. पुढच्या शनिवारी दहा संघांचे लोक त्यांच्याच दारात उभे. त्यांचे मालक ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी. पुढे एका वळणावर ट्रक उलटून ते गेले. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या. लीग तेवढी घरात राहिली.

काम कसलं, तर कागदांचं. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेला की सोडपत्र. जखमी झाला की आरोग्य केंद्राची चिठ्ठी. मैदान चिखलाने भरलं की सामना पुढे ढकलल्याचा निरोप, आणि तो निरोप द्यायला फोन लागायचा तो फक्त चर्चमागच्या टेकाडावर. डेल्माताईंचा डावा गुडघा दुखायचा. टेकाड चढताना त्या दोनदा बसायच्या आणि वर पोचल्यावर समोरचा माणूस म्हणायचा, "आम्हाला कुणी कळवलंच नाही."

पंचांना मार बसायला लागला तेव्हा त्यांनी एक नियम लिहिला. ज्या क्लबाचा माणूस, खेळाडू असो की बघ्या, पंचाच्या अंगावर हात टाकेल, तो क्लब दोन हंगाम बाहेर. आणि तो माणूस दोन हंगाम मैदानाच्या कुंपणाआत येणार नाही. सभेत त्यांनी तो तीनदा वाचून दाखवला. दहाही क्लबांनी सह्या केल्या. फिमिटो ब्रदर्सतर्फे सही केली ती सिमेकोने. सिमेको म्हणजे डेल्माताईंचा सख्खा भाचा, त्यांच्या थोरल्या भावाचा, गिहिरोंचा मुलगा. फिमिटो हेच त्यांचं माहेर, त्यांचं कूळ, आणि मालक गेल्यावर त्या पुन्हा राहायला आल्या ते गावही.

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात फिमिटो दोन गुणांनी मागे होतं. दोन मिनिटं उरलेली. सिमेको दोघांना अंगावर घेऊन चेंडूसकट रेषेपलीकडे पडला, आणि मी शिट्टी वाजवून ट्राय नाकारला. त्याच्याकडे आलेला पास पुढे फेकलेला होता, आणि रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. हातभर पुढे. आजही डोळे मिटले की मला तो पास पुढेच जाताना दिसतो, पण तेव्हा तो पाहणारा मी एकटाच होतो.

मैदानाभोवतीचा दोर तुटला, लोक आत आले. मी पळालो नाही. पळणारा पंच जास्त मार खातो. पहिली काठी बसली ती मागून, मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये. वळून बघितलं तर गिहिरो. साठी ओलांडलेला माणूस, कुळाच्या बैठकीत कधी आवाज न चढवणारा. स्वतःच्या हातातल्या काठीकडे तो असा बघत होता जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

मला शेडखाली आणून बसवलं. माझा उजवा हात उचलत नव्हता. डेल्माताईंनी स्वतःच्या खांद्यावरची चादर काढून माझ्या हाताला झोळी बांधली, पाणी दिलं आणि समोर कागद ओढला.

"कुणी मारलं?"

"ताई, तुम्ही बघितलंय."

"मी नाही बघितलं. मी लिहीत होते. तू सांग."

मी म्हणालो, "तुमच्या दादांनी."

त्यांनी पेन टेकवलं. मग त्यांनी भावाचं पूर्ण नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि आरोग्य केंद्रात जाणारा ट्रक थांबवायला स्वतः लंगडत रस्त्यापर्यंत गेल्या. माझं खांद्याचं हाड मोडलं होतं.

आमच्याकडे असल्या गोष्टी मिटवायची रीत आहे. सोमवारी सकाळी गिहिरो, सिमेको आणि कुळातली दहा-बारा माणसं माझ्या शाळेच्या आवारात आली. एक मोठं डुक्कर, उसाच्या मोळ्या, केळ्यांचे दोन घड. गिहिरोंनी माझा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मास्तर, हात माझा होता. लाज पण माझी." मी डुक्कर घेतलं. आम्ही सुपारी फोडली, चुना लावला, एकत्र बसून चघळली. माझ्या मनात काही उरलं नाही, हे मी खरं सांगतो.

तिथून आम्ही सगळे डेल्माताईंच्या घरी गेलो. त्या परसात रताळ्याचे वेल लावत होत्या.

"डेल्मा," गिहिरो म्हणाले, "मास्तरांनी डुक्कर घेतलं. झालं."

"चांगलं झालं, दादा."

"मग तो कागद फाडून टाक."

"डुक्कर तुझ्यात आणि आवेआत. कागद लीगचा आहे."

"लीग म्हणजे कोण? तूच ना?"

"मी नाही. तुझ्या सिमेकोची सही आहे त्याच्यावर."

सिमेको खाली बघून म्हणाला, "आत्या, सही करताना आपल्यावर येईल असं थोडंच वाटलं होतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं रे. म्हणून तर करतात सही."

कुणीतरी मागून टोमणा मारला, "बाईला लिहायला काय शिकवलं, घरच्यांवरच लिहायला लागली." डेल्माताईंनी वळून बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, कारण मी तोंड उघडलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "मोडलं माझं हाड. मला काही तक्रार नाही. एक हंगाम करा ना."

"तू पण आता?" त्या म्हणाल्या. मग मातीचा हात परकराला पुसून त्या ओट्यावर बसल्या. "गेल्या वर्षी पलीकडच्या संघाला मी दोन दिले. त्यांनीही डुक्कर दिलं होतं. तेव्हा तू म्हणाला होतास का, एक करा? दादा, तू म्हणाला होतास?"

ताईंसाठी आणलेला केळ्यांचा घड सगळे ओट्यावर न ठेवता परत घेऊन गेले.

बुधवारी समितीची सभा होती. पाच जणांची समिती. एकाला ताप आला, एक गोरोकाला गेला, दोघं विसरले. डेल्माताईंनी टेकाडावर चढून चौघांना फोन केले. प्रत्येकाने एकच सांगितलं, "तुम्ही कराल ते आम्हाला मान्य." निर्णयाखाली सही एकट्या त्यांची झाली. फिमिटो ब्रदर्स, दोन हंगाम.

नंतर जे झालं त्यात कुणी त्यांच्यावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. फक्त माणसं यायची थांबली. रताळ्याची नवी जमीन खणायला दरवर्षी भाऊबंद येत, त्या वर्षी आले नाहीत. त्यांनी एकटीने अर्धीच खणली. मुमूचा, म्हणजे तापल्या दगडांवर जेवण शिजवायचा, खड्डा उघडला की पानात गुंडाळलेला वाटा त्यांच्या घरी जायचा, तो बंद झाला. वहिनी, म्हणजे गिहिरोंची बायको, पाणवठ्यावर भेटली की भांडं अर्धं भरूनच निघून जायची. कुळातली म्हातारी काकू वारली तेव्हा डेल्माताई मयताच्या घरात बायकांबरोबर तीन दिवस बसल्या, रडल्या, आणि शेजारची जागा तिन्ही दिवस रिकामी राहिली.

मी एकदा विचारलं, "सोडून का देत नाही हे?"

"आत्ता सोडलं तर पुढचा येईल तो पहिल्यांदा हा कागद फाडेल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं होऊ दे. मग बघू." आणि जरा वेळाने, "दमले रे मी. झोपून उठले तरी दमलेलीच असते."

पुढच्या हंगामाच्या तोंडावर सिमेकोची बायको योविना त्यांच्या दारात आली, बरोबर फिमिटोच्या अठरा पोरी. लीगमध्ये बायकांचे सामने नुकते सुरू झाले होते.

"आत्या, बंदी पुरुषांच्या संघावर आहे ना? आम्ही खेळणार."

मी तिथेच होतो, नोंदणीचे अर्ज लावायला मदत करत. मला वाटलं, आता ताईंना सुटका मिळाली. हो म्हणायचं आणि कूळ परत मिळवायचं. त्यांनी कागद काढला, चष्मा लावला, वाचला.

"क्लब लिहिलंय. फिमिटो ब्रदर्स नावाने कुणीच खेळू शकत नाही. बायकाही नाही."

योविनाचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही आम्हालाही..."

"ऐकून घे आधी. नवा क्लब काढा. नवं नाव, तुमची स्वतःची समिती, त्यात जुन्या क्लबाचा एकही पदाधिकारी नको. नवऱ्यांना विचारत बसू नका. सराव करायला मैदान दाखवावं लागेल. हे झालं तर मी नोंदवीन. नाही झालं तर नाही."

योविना कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "किती कागद आहेत?"

"पुष्कळ," डेल्माताई म्हणाल्या.

तीन आठवडे त्या पोरी येत राहिल्या. अर्ध्यांकडे जन्माचा दाखला नव्हता. डेल्माताई त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात जाऊन जुन्या वह्यांत नावं शोधत बसल्या. ओढ्याच्या नावावरून क्लबाचं नाव ठरलं. वहिनीने सरावासाठी आपली पडीक जमीन दिली, पण ते सांगायला ती स्वतः आली नाही, योविनाला पाठवलं.

पहिल्या सामन्याला मीच पंच होतो. पोरी चांगल्याच हरल्या. मध्यंतरात पाणी प्यायला बाजूला आलो तेव्हा मला कुंपणापलीकडे, कॉफीच्या झाडांत, गिहिरो उभे दिसले. कुंपणापासून चार पावलं लांब. तिथून त्यांना मैदानाचा एक कोपराच दिसत असणार. मी शेडखाली जाऊन सांगितलं, "ताई, दादा आलेत. बाहेर उभे आहेत."

त्यांनी मान वर केली, तिकडे बघितलं. "बाहेर आहे ना?"

"हो."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि बदली खेळाडूचं नाव लिहायला लागल्या. ते नाव त्यांनी चुकीचं लिहिलं. मला नंतर खोडून दुरुस्त करावं लागलं. सतरा वर्षांत तेवढं एकच.

दोन्ही हंगाम गिहिरो असेच बाहेर उभे राहून सामने बघत होते. कुणी म्हणालं तरी आत आले नाहीत. दुसऱ्या हंगामात पाऊस लांबला, तेव्हाही केळीचं पान डोक्यावर धरून उभे. बंदी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी ते फाटकातून आत आले आणि सरळ दोराजवळ जाऊन बसले. बहिणीकडे गेले नाहीत. पण सोमवारी त्यांची तीन मुलं फावडी घेऊन डेल्माताईंच्या उरलेल्या अर्ध्या जमिनीत उतरली. काही न बोलता खणून गेली.

फिमिटो ब्रदर्स परत आले तेव्हा संघ मोडल्यासारखाच होता. चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांत गेले होते, सिमेकोचं वय झालं होतं. अजून ते उपांत्य फेरीपर्यंत पोचलेले नाहीत. त्याबद्दल गावातले काही लोक आजही डेल्माताईंना दोष देतात, आणि तो अगदीच खोटा आहे असं मला म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षी ताईंनी काम सोडलं आणि योविना सचिव झाली. तिला हौस नव्हती, पण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. तो नियम अजून आहे. डेल्माताई आता शनिवारी दुपारी घरी झोपतात. मैदानावरचा ओरडा तिथवर ऐकू येतो. संध्याकाळी गिहिरो कधी कधी येऊन ओट्यावर बसतात, रताळी भाजतात. दोघं गुडघेदुखीबद्दल बोलतात, कॉफीच्या किडीबद्दल बोलतात. त्या सामन्याबद्दल माझ्यासमोर तरी ते दोघं कधी बोलले नाहीत. माझा खांदा थंडीत दुखतो, तेव्हा डेल्माताई न विचारता चुलीजवळची जागा मला करून देतात.