आन्सासची फळी

उर्ते पिंकिसच्या स्वयंपाकघरात दाराआड एक ओकची फळी उभी असायची. पहिल्यांदा धुरी दिलेली वाम घ्यायला गेले, तेव्हा मी त्या फळीवर माझा ओला कोट टांगला. उर्तेने तो काढून माझ्या हातात दिला.

ती तिच्या नवऱ्याची, आन्सासची फळी होती. हिवाळ्यात खाडी गोठली की आमच्या निदा गावातले कोळी बर्फाला भोक पाडून जाळं सोडतात, फळीचं एक टोक पाण्यात सारतात आणि दुसरं लाकडी हातोड्यांनी ठोकत बसतात. आवाजाला भुलून मासे येतात. बाकीचे हलकी फळी नेत. आन्सास पडला हट्टी, तो ओकची ओढत न्यायचा. लोक म्हणायचे, हा एक वेळ बायकोला सोडेल, पण फळीला नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांत, मार्चमध्ये, त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. फळी सापडली, आन्सास सापडला नाही.

उर्तेने त्याच्या कबरीसाठी ती फळी बेताची कापली आणि वर दोन पक्षी कोरले. इथे कबरीची फळी डोक्याशी नाही, पायाशी रोवतात. शेवटच्या दिवशी उठताना मेलेल्याला धरायला काहीतरी हवं ना! पुरुषाला ओकची, बाईला लिंडनच्या मऊ लाकडाची. पण म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मान हलवली. देह नाही तर कबर नाही, कबर नाही तर फळी कशाला? म्हणून ती दाराआड राहिली.

पुढे जर्मनीशी जुनं नातं असलेली इथली कोळी घराणी एकेक करून तिकडे गेली. बहिणीने उर्तेलाही खूप ओढलं, पण ती हलली नाही. आन्सास आला तर घर कोणाचं म्हणून विचारेल, एवढंच म्हणाली. रिकाम्या घरांत आम्ही बाहेरची माणसं येऊन राहिलो. मी तिला लागून, तिच्या बहिणीच्याच घरात राहते, हे ती कधी विसरली नाही. तिची बोली बोलणारं गावात कोणी उरलं नव्हतं. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या बोलीत तिचा आवाज यायचा आणि उत्तर कोणाचंच यायचं नाही. कीव यायची, पण दाखवायची सोय नव्हती, फाडून खाल्लं असतं तिने.

मग वाळूचे डोंगर, जंगल, निळ्या खिडक्यांची घरं, जुनी दफनभूमी, सगळंच सरकारने जपायला घेतलं. जपायचं म्हणजे कोणी हात लावायचा नाही. उर्तेने आता सरकारकडे अर्ज केला, आईच्या कबरीशेजारी फळी रोवू द्या म्हणून. जुन्या दफनभूमीत नवं काही रोवता येत नाही, असं उत्तर आलं. वर एक गोड बोलणारी मुलगी आली आणि फळी संग्रहालयाला द्या म्हणाली, काचेमागे छान ठेवू.

"काचेमागून कोणी उठतं का गं?" उर्तेने विचारलं. मुलगी चहा प्यायली आणि गेली. वाईट नव्हती बिचारी.

उर्ते अंथरुणाला खिळली तेव्हा तिने मला हाक मारली.

"रेगिना, मला नव्या दफनभूमीत ठेवतील. माझ्या पायाशी माझी लिंडनची आणि त्याची ओकची, दोन्ही फळ्या रोव."

"मावशी, बाईच्या पायाशी ओक? लोक हसतील."

"हसू देत. त्याला खाडीतून चालत यायचंय, उशीर होणार. तोवर मी त्याची फळी धरून ठेवते."

तिच्या मातीला आम्ही सहा जण होतो, त्यातले दोघे पैसे घेऊन आलेले. खड्डा खणणारा वाल्दास ओकची फळी बघून अडून बसला. एका मड्याला दोन फळ्या नसतात, म्हणे. माझ्या डोक्यात सणक गेली.

"घरी जाऊन बायकोला विचार," मी म्हटलं, "तू बुडालास तर ती किती दिवस थांबेल?"

वाल्दासने फावडं उचललं आणि लिंडनच्या फळीशेजारी दुसरा खड्डा खणला.

उन्हाळ्यात पाहुणे फिरत तिकडे येतात. एखादा जाणकार असला की ओक ओळखतो आणि विचारतो, इथे बाईबरोबर कोण पुरुष आहे?

"अजून कोणी नाही," मी सांगते. "यायचाय."